चर्चा करावी

सकाळपासून चौथ्यांदा नितीन डोईफोडेची कार्यमुक्तीची फाइल सह्या करणाऱ्या यंत्राने परत पाठवली. शेरा तोच : ‘चर्चा करावी.’

यंत्र बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीचा तो माणूस. सहा महिन्यांसाठी जिल्हा कार्यालयात आला, त्याला तीन वर्षं झाली. तो आला तेव्हा घरी रांगणारी त्याची मुलगी आता त्याला फोनवर काका म्हणत होती. त्याच्या सुटकेवर सही यंत्राचीच लागे. सहीची माणसं केव्हाच निवृत्त झाली होती. त्यांच्या तीस वर्षांच्या फायली वाचून यंत्र शहाणं झालं, म्हणून नितीन त्याला भाऊसाहेब म्हणे.

“भाऊसाहेब, त्रुटी तरी काय आहे?”

“काही नाही. बसा.”

“मग सही करा ना!”

“करू हो. चहा झाला का?”

“तुम्ही कुठे चहा पिता?”

“विचारायची पद्धत आहे. डोईफोडे, इथे आता तुम्ही एकटेच. तुम्ही गेलात की मी चर्चा कोणाशी करायची?”

नितीनला त्याची दया आली. त्याने आपल्या जागी दुसरा माणूस नेमावा, असा अर्ज टाकला.

पाच मिनिटांत मंजुरी आली. सर्वांत अनुभवी उमेदवार म्हणून भाऊसाहेबांनी नितीन डोईफोडेचीच नेमणूक केली होती.