माईक बंद ठेवा

कला आणि कायद्याच्या एकत्रित पदवीचा ऑनलाइन वर्ग सुरू होता. गोगटे सर पुराव्याचा कायदा शिकवत होते. "साक्षीदारानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असावं लागतं," ते म्हणाले. जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली, तशी वैजयंतीनं हळूच माईक सुरू केला. आता तो बोलेल ते सगळ्या वर्गाला ऐकू जाणार होतं.

नवऱ्यानं आत येऊन दाराला कडी घातली आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असा तो पलंगावर बसला. वर्गात तिचा माईक कायम बंद असतो, हे त्याला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत तो थांबला.

"माहेरच्या घरातला हिस्सा माझ्या नावावर करतेस ना?" तो शांतपणे म्हणाला. "नाहीतर तुझ्या भावाला फोन करावा लागेल. दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि गच्चीवरून पडली म्हणून."

तिनं स्क्रीनवरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणी पेन चावत होतं, कुणी जांभई देत होतं. एकही चेहरा दचकला नव्हता.

"काही शंका?" सरांनी विचारलं. मग त्यांना आठवलं. "आणि वैजयंती, तुमचा माईक सुरू राहिला होता. कुकरची शिट्टी फार मोठ्यानं आली, म्हणून मी तेव्हाच इथून बंद केला. पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं उठून लॅपटॉप अलगद मिटला.

"चल," तो म्हणाला, "कपडे वाळले असतील."