दाराजवळची कॉट

माझी बायको मायाक्का गेली हे मला सकाळचा चहा आल्यावर कळलं. दहावं झाल्यावर वृद्धाश्रमाच्या पूनमताई खोलीत आल्या. "सिदूआजोबा, जोडप्याचा दर आता संपला. खोली एकट्याला हवी तर दर वाढेल, नाहीतर रिकाम्या कॉटवर दुसरे आजोबा येतील." "म्हंजे मला हाकलताय व्हय?" "नाही हो. दर वाढवायचा तर महिनाभर आधी सांगावं लागतं, दुसरे आले तरी तुमची कॉट कुणी काढून घेणार नाही. तो तुमचा हक्क आहे." "कुटली कॉट?" "दाराजवळची. करारात तुमच्या नावावर तीच आहे." मी गोंधळलो. दाराजवळ तर मायाक्का झोपायची. संडास जवळ पडतो म्हणून आल्या दिवशीच आम्ही कॉट बदलल्या होत्या. खरं सांगितलं तर तिची कॉट परक्याला जाईल. मी "बरं" म्हणालो. त्या कॉटवर मला अजून झोपता आलेलं नाही.