बरगडीखाली चार बोटं

"काका, पोट सैल सोडा," मुलगी म्हणाली.

"सैलच आहे. ताण तुम्हालाच आलाय."

ते खरं होतं. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला ती तिसऱ्यांदा बसली होती. यंदा गचकलीस तर गाशा गुंडाळून घरी, असं वडिलांनी बजावलं होतं. आणि वडील दुर्दैवाने शब्दाचे पक्के होते.

खाटेवरच्या माणसाला सगळं रुग्णालय पाणथरीकाका म्हणायचं. त्यांची पाणथरी, म्हणजे डाव्या बरगडीआड दडलेली प्लीहा, लाखात एखाद्याला होणाऱ्या आजाराने फुगली होती. तेव्हापासून दर परीक्षेला त्यांना बोलावणं यायचं. कारकून जुनी यादी काढायचा, तारीख तेवढी बदलायचा. काका धुतलेला शर्ट घालून हजर व्हायचे. मुलांनी चार गोष्टी विचारायच्या, पोट चाचपायचं आणि रोग ओळखायचा. फाइल बघायला मिळायची नाही.

घाबरलेल्या मुलीने विचारणं सोडून थेट पोटालाच हात घातला होता. उजव्या कमरेपासून ती बोटं सरकवत निघाली. काकांनी श्वास घेतला की प्लीहेने खाली येऊन बोटांना धडकायला हवं. बोटं डाव्या बरगडीपर्यंत पोचली. कुणी धडकलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. पोट उशीसारखं मऊ.

"चार बोटं," काका ओठ न हलवता म्हणाले.

"काय?"

"बरगडीखाली चार बोटं. सांगून टाका. सगळे तेच सांगतात, सगळे पास होतात."

तेवढ्यात परीक्षक आले. चेहऱ्यालाही इस्त्री केलेली.

"बोला. प्लीहा किती?"

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी चादरीआडून चार बोटं दाखवली.

"सर... मला लागत नाही."

"लागत नाही?" परीक्षकांनी हातातल्या यादीवर नजर टाकली. "अहो, सात वर्षांपूर्वी याच पोटावर मला सुवर्णपदक मिळालंय! सरका." त्यांनी बाह्या वर केल्या. "घ्या श्वास, काका. ही काय! एक, दोन, तीन, चार. ठेवा हात."

तिने ठेवला. बराच वेळ ठेवला.

"नाही लागत, सर."

"धन्य आहे." परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "उपचार काय चालू आहेत, हे तरी विचारलंत का त्यांना?"

मुलीचा चेहरा उतरला. "काका, उपचार काय चालू आहेत?"

"दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध," काका शर्टाची बटणं लावत म्हणाले. "नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षातच पाणथरी पार आत गेली."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"हे... हे आजवर सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही, साहेब. आणि तुम्ही तुमच्या परीक्षेत 'चार बोटं' इतकं छातीठोकपणे सांगितलंत, वर पदकही मिळवलंत, की मीच हादरलो. दुसऱ्याच दिवशी पुन्हा सोनोग्राफी करून आलो."