जेवताना समोर

चौथ्या मजल्यावरच्या आजी कालचीच गोष्ट सांगत होत्या आणि ड्रायव्हरकाका पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत होते. कमी मिठाची भाजी ताटात निवत चालली होती.

"आजी, आधी दोन घास खा, मग सांगा."

"का हो? बस सुटतेय का तुमची?"

बस चालवणं सुटल्यापासून काका एका संस्थेचे जेवणाचे डबे पोहोचवत होते. डबा दाराशी ठेवून निघायचं नाही, एकटं म्हातारं माणूस जेवेपर्यंत समोर बसायचं, हा तिथला नियम. काकांना तो मनापासून पटलेला. पण आताशा पाय भरून यायचे, कान किटायचे. घरी पोहोचेपर्यंत बोलायचं त्राण उरायचं नाही. बायको ताट वाढायची. तिचं जेवण कधीच उरकलेलं असायचं. काका मान खाली घालून जेवायचे आणि आडवे व्हायचे.

जिना उतरताना फोन वाजला. संस्थेच्या ऑफिसात नवीनच लागलेली मुलगी होती.

"काका, आजच्या दिवस आणखी एक घर घ्याल? तुमच्याच भागात आहे. बाईंना डबा नकोय, स्वयंपाक त्या स्वतः करतात. फक्त जेवताना समोर कुणीतरी बसावं, म्हणतात."

"नको गं, जीव मेटाकुटीला आलाय माझा."

"बोलता बोलता रडल्या हो त्या."

काकांनी सुस्कारा सोडला. "बरं. सांग पत्ता."

तिने सांगितला. काका कठडा धरून पायरीवरच बसले.

"काका? सापडेल ना घर?"

"सापडेल," काका म्हणाले.

किल्ली खिशातच होती. तरी त्यांनी बेल वाजवली. लगबगीने दार उघडलं. बायकोने केस नीट विंचरले होते, धुवट साडी नेसली होती. मागे टेबलावर ताट वाढून ठेवलेलं होतं. तिने काकांच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"संस्थेने पाठवलंय," काका म्हणाले. त्यांना हसत म्हणायचं होतं. जमलं नाही.

तिचा चेहरा उतरला. ती दारातच उभी राहिली.

"तुम्ही दमून येता हो," ती म्हणाली. "म्हणून तर मी परकं कुणीतरी मागितलं होतं."