आत न घेतलेली नोंद

"पण मी सुधारलोय," नंदकुमार म्हणाला, आणि पुराव्यादाखल त्याने खिशातून संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढून मावा जिलेबीच्या बशीशेजारी ठेवली. तिकिटं त्याने स्वतः काढली होती. शोभासाठी खालचा बर्थ आवर्जून मागून घेतला होता. पूर्वीच्या नंदकुमारला हे सुचलं नसतं, असं त्याचं त्यालाच वाटत होतं.

शोभा उन्हाळ्यात राजपुऱ्यात माहेरी आली, ती परतलीच नव्हती. त्याआधी, नवऱ्याने गोव्याला बदली मागून घेतल्याचं तिला सामान बांधायला आलेल्या माणसांकडून कळलं होतं. आज ती सोबत आली नाही, तर पुन्हा न्यायला यायला आपल्याला तोंड उरणार नाही, हे नंदकुमार जाणून होता.

सासरे शालिग्राम केळीचे व्यापारी आणि स्वभावाने मिस्कील. "जावईबापू, तुमचं राहू द्या," ते म्हणाले. "तुमचा समुंदर सुधरला का?"

एवढं पुरे झालं. तापीतही कधी गुडघ्यापलीकडे न उतरलेला हा माणूस बायकोला विसरून महासागरात शिरला. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या समुद्राला किती ऊब होती, प्रवाह कुठे वळले, याचं चित्र त्याच्या संस्थेतली संगणकप्रणाली गणिताच्या आणि विरळ मोजमापांच्या आधारे पुन्हा रेखाटत असे. प्रणालीची नवी आवृत्ती जुनीपेक्षा खरोखर सरस आहे का, हे पारखणं त्याचं काम.

"आणि ते कळतं कसं?" शोभाने विचारलं.

तिने विचारलं, हाच त्याला शुभशकुन वाटला. "प्रणालीला जी मोजमापं आपणच पुरवली, त्यांची साक्ष धरायची नाही. ती जुळणारच. तिच्या आत कधीच न गेलेली नोंद शोधायची. खरी परीक्षा तीच घेते."

"मग तुम्ही सुधारलात, हे कोण म्हणतं?"

नंदकुमारकडे साक्षीदार तयार होते. स्वयंपाकाच्या कोकिळाबाई म्हणतात. शेजारचे श्रीकांतराव म्हणतात. त्या दोघांनाही आपल्या सुधारणेची वार्ता त्यानेच वेळोवेळी दिली होती, हे सांगण्याची त्याला गरज वाटली नाही.

"शिवाय मी आता कुणाचं बोलणं..."

"पण मला असं..." शोभा बोलू लागली.

"...मध्येच तोडत नाही," त्याने वाक्य पूर्ण केलं.

सासऱ्यांना एकाएकी खोकला आला.

"ते दोघं बाद," शोभा शांतपणे म्हणाली. "त्यांच्या कानांत तुम्हीच भरलंय. आपल्या संसारात जिचं म्हणणं तुम्ही आजवर आत घेतलंच नाही, अशी एकच व्यक्ती आहे. मी. तेव्हा तुमच्याच नियमाने, परीक्षा घ्यायची ती मीच."

एखाद्या सहकाऱ्याने हाच युक्तिवाद मांडला असता, तर नंदकुमारने उठून त्याचा हात हातात घेतला असता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लग्नानंतर प्रथमच तो बायकोला म्हणाला, "बोल. मी ऐकतो."

शोभाने बशीशेजारची तिकिटं उचलून त्याच्यापुढे धरली.

"मग ही पहिली नोंद. दोन काढलीत. मी येणार का, हे कुणाला विचारलंत?"