कोरी परात

सुरभीनं ओला तळवा रिकाम्या परातीत आपटला. थप्. थप्. परात ओट्यावर जरा फिरवली, पुन्हा थप्.

भाकरी डब्यात तयारच होत्या. शाळेतून येताना नालवाडीच्या चौकातल्या पौर्णिमाताईकडून विकत आणलेल्या. नुसत्या तव्यावर गरम करायच्या.

"ऐका बाबा," बाहेर तिचा नवरा आदेश बापाला सांगत होता, "आता कशी लायनीवर आली! मायसारखाच आवाज."

नत्थूजी समोरच्या रिकाम्या ताटात बघत राहिले.

सासरे आंजीहून राहायला आले त्या दिवशी सुरभीनं खरोखरची भाकर थापली होती. कड फाटली, तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. नवऱ्यानं एक तुकडा उचलून बापापुढे नाचवला.

"हे भाकर हाय का छपरावरचं कवेलू? माह्या मायच्या भाकरीचं आंजीभर नाव होतं. आन् हे आमची मास्तरीण!"

म्हातारा तेव्हाही ताटातच बघत होता. दहावीच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई, पण तिला मान वर करवेना. मेलेल्या सासूपुढे जित्या सुनेचं काय चालणार? आता खोटेपणाची लाज वाटायची. पण तो नाचवलेला तुकडा आठवला की हात आपोआप परातीवर पडायचा.

थप्. थप्.

"पीठ नाई परातीत."

ती दचकली. दारात नत्थूजी उभे होते.

"कोरी परात येगळी वाजते वो," ते हळूच म्हणाले.

सुरभीनं परात घाईनं मागे सारली. "मामाजी, पाया पडते तुमच्या. ह्यांना सांगू नका."

म्हाताऱ्यानं दार लोटलं, बाह्या सारल्या. "आदण ठेव."

उकळतं पाणी पिठात ओतून त्यांनी पीठ चांगलं मळलं. गोळा तळव्याखाली सरसर फिरत मोठा झाला. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, आचेवर धरली. भाकर टम्म फुगली.

सुरभीनं ती नेऊन आदेशच्या ताटात वाढली. त्यानं पापुद्रा सोलून तोंडात टाकला.

"हे पाय! डिट्टो मायच्या हातची! जमलं न शेवटी?"

ती आत आली. नत्थूजी दुसरा गोळा करत होते.

"मामाजी, तुम्हाला ह्यांच्या आईंनी शिकवली?"

म्हातारा बोटांना चिकटलेलं पीठ उगाच चोळत राहिला. वर बघेना.

"तिले कुठं येत होती, बाई."