एक चकती कमी

घाटाच्या पहिल्याच वळणावर आमच्या मोटरसायकलचं इंजिन नुसतं किंचाळत होतं आणि गाडी काही पुढे सरकत नव्हती. एक शेळी आम्हाला मागे टाकून गेली. वर, पुढे जाऊन तिने वळूनही पाहिलं.

मागे बसलेली बायको उतरली. "अहो, रविवारी घाटावर भाचीचा साखरपुडा आहे. त्या दिवशी ही चढली नाही, तर सोमवारी भंगारात!"

रोग उघड होता. क्लचप्लेटा झिजल्या होत्या. रविवारी सकाळी अंगणात गाडी डाव्या कुशीवर निजवली, म्हणजे तेल सांडत नाही, आणि उजवं झाकण उघडलं. जुन्या प्लेटा पापडासारख्या पातळ झालेल्या. तेलात मुरवलेल्या नव्या प्लेटा आणि मधल्या पोलादी चकत्या एकाआड एक बसवत गेलो, तर शेवटी एक चकती कमी! दुकानाला सुट्टी, साखरपुडा अकराला. चाळीस वर्षांची गाडी मला भंगारवाल्याच्या काट्यावर दिसायला लागली. मी हात पुसू लागलो.

तेवढ्यात बायकोने घरातून एक चकती आणून दिली. "ही बसते का बघा."

बसली की हो! खोटं नाही सांगत, गाडी घाट अशी चढली, की वरचे ढग घाईघाईने बाजूला झाले.

"कुठे सापडली गं चकती?" मी वाऱ्यात ओरडलो.

"सापडतेय कसली! यंदा दिवाळीच्या चकल्या विकत आणा. माझ्या सोऱ्याची चकती तुमच्या क्लचमध्ये फिरतेय."